मिरचीच्या पानावरचे ठिपके मोबाईल ॲप ओळखतं कसं आणि फसतं कुठे?

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की हिरव्या मिरचीचा बाजार आठवतो. या भागात उन्हाळ्यात मल्चिंग आणि ठिबकवर मिरची लावतात. पावसाळ्यात तोडे जोरात सुरू असतात आणि नेमके तेव्हाच पानांवर ठिपके दिसायला लागतात. मग घरातून हाक येते, "त्या मोबाईलमध्ये बघ रे काय आलंय." प्लांटिक्ससारखं ॲप किंवा गूगल लेन्स उघडून फोटो काढला की काही सेकंदांत रोगाचं नाव हजर! पण त्या नावावर औषध आणायचं का? त्यासाठी आधी ते नाव येतं कुठून, हे बघूया.

ठिपके सारखे, रोग वेगळे

सर्कोस्पोरा नावाच्या बुरशीचा ठिपका साधारण गोल असतो. मधे राखाडी-पांढुरका आणि कडेला गडद तपकिरी, बेडकाच्या डोळ्यासारखा. नंतर मधला भाग वाळून गळतो, पानाला भोक पडतं, पान पिवळं होऊन झडतं. पानं झडली की मिरच्या उघड्या पडून उन्हाने भाजतात, ते नुकसान वेगळंच. इंग्रजीत हे नाव शोधलं तर दुसऱ्या पिकांच्या पानांचे फोटोही येतात. बुरशीचं कूळ तेच, पण प्रजाती दुसरी, त्यामुळे तो फोटो आपल्या पानाशी जुळवत बसू नका.

अल्टरनेरिया बुरशीच्या ठिपक्यात एकात एक वर्तुळं दिसतात. आणि झँथोमोनास हा तर बुरशी नाहीच, जिवाणू आहे. त्याचे ठिपके सुरुवातीला पाणी मुरल्यासारखे ओलसर, पान उजेडासमोर धरलं तर अर्धपारदर्शक दिसतात. पुढे ते काळपट, वेडेवाकडे होतात, कडेला बऱ्याचदा पिवळी छटा येते.

हा फरक का महत्त्वाचा? मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आहे. ठिपके जिवाणूचे असतील तर नुसत्या मॅन्कोझेबने ते थांबत नाहीत. पंप मारला, पैसे गेले आणि पावसाच्या झडीत रोग पुढच्या सरीवर पोचला, असं होतं.

ॲपला फोटोत काय दिसतं?

ॲपला रोग 'कळत' नाही. त्याला हजारो फोटो नावासकट दाखवलेले असतात, आणि नवीन फोटो त्यातल्या कशाशी जास्त जुळतो एवढंच ते सांगतं. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सलाते या संशोधकांनी प्लांटव्हिलेज या संग्रहातल्या ५४,३०६ फोटोंवर असं मॉडेल शिकवलं. १४ पिकं, २६ रोग. त्याच संग्रहातले बाजूला ठेवलेले फोटो दिले तेव्हा अचूकता ९९ टक्क्यांच्या वर गेली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली! कारण शिकवणीतले फोटो म्हणजे साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेलं एकेक पान. शेतात माती, मल्चिंगचा चकाकणारा कागद, सावली, आपला अंगठा, सगळं फ्रेममध्ये येतं.

आणखी एक गंमत. त्या संग्रहात मिरचीवर्गातली फक्त ढोबळी मिरची होती आणि तिचे दोनच प्रकार: जिवाणूजन्य ठिपका आणि निरोगी पान. म्हणजे सर्कोस्पोरा झालेलं पान दिलं तरी 'बेडकाचा डोळा' हे उत्तर त्याच्याकडे नव्हतंच. आजच्या ॲपमध्ये फोटो आणि रोग जास्त आहेत, पण मर्यादा त्याच जातीची आहे: जे शिकवलेलं नाही ते नाव येणार नाही, आणि दुसरंच एखादं नाव ठामपणे येऊ शकतं.

फोटो कसा काढायचा?

त्या प्रयोगात फोटो २५६ × २५६ पिक्सेलपर्यंत लहान केले होते. हिशोब करून बघा. ६० सेंमीचं अख्खं झाड फ्रेममध्ये घेतलं तर ३ मिमीचा ठिपका जेमतेम एका पिक्सेलएवढा उरतो. ८ सेंमीच्या एका पानाने फ्रेम भरली तर तोच ठिपका जवळपास १० पिक्सेलचा होतो. कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असून इथे फार उपयोग नाही, जवळ जाणं महत्त्वाचं.

म्हणून पान तोडा, वहीच्या कोऱ्या कागदावर ठेवा आणि सावलीत फोटो काढा. वरची बाजू, खालची बाजू, दोन्ही. नवा ठिपका आणि जुना ठिपका असलेली वेगवेगळी पानं घ्या. कॅमेऱ्यातला 'एआय' मोड आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण हिरवा रंग उगाच गडद झाला की ती पिवळी छटा गायब होते. ॲपने तीन पानांना तीन नावं दिली, तर त्यातलं कुठलंच धरून दुकानात जाऊ नका.

तुम्ही पुण्यात आणि शेत गावाकडे असेल तर घरच्यांना फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ठिपक्याची कड पुसट होते.

अजून शंका असेल तर

ठिपके असलेलं पान ओल्या टिश्यूसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक-दोन दिवस ठेवा. ठिपक्याच्या मधोमध राखाडी बारीक लव आली तर बुरशीची शक्यता वाढते. सगळ्या पानावर कापसासारखं पांढरं पसरलं तर ते धरू नका, मेलेल्या पानावर दुसऱ्या बुरशीही चढतात.

जालना जिल्ह्यात खरपुडी आणि बदनापूर इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे पान प्रत्यक्ष दाखवता येतं. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर टोल फ्री आहे आणि मराठीत बोलता येतं. फोनवर ॲपने दिलेलं नाव आधी सांगू नका. ठिपके खालच्या पानांवर आधी आले की शेंड्याकडे, पाऊस किती दिवस होता आणि शेवटची फवारणी कशाची झाली, एवढं सांगा.