कुंभाराचे गाढव आणि पाचवे वर्ष

अमेरिकेतल्या विद्यापीठांचा बास्केटबॉल हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधीचे दोन महिने चाहत्यांना एक वाद हमखास पुरतो: हायस्कूलमधून नुकताच आलेला मुलगा यंदा खेळवायचा, की त्याला ‘रेडशर्ट’ करायचे? रेडशर्ट झालेला मुलगा संघात असतो, सराव करतो, वर्गात बसतो, सामन्यात मात्र उतरत नाही. विद्यापीठीय खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेचा पहिल्या श्रेणीसाठीचा प्रस्थापित नियम असा, की पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. त्यामुळे एक वर्ष न खेळता काढले तरी चारही हंगाम शाबूत राहतात. उलट हंगामातल्या एखाद्या सामन्यात मिनिटभर जरी मैदानात पाऊल पडले, तरी तो हंगाम खर्ची पडतो. अमेरिकन फुटबॉलला २०१८ मध्ये चार सामन्यांपर्यंतची सूट मिळाली. बास्केटबॉलला ती तेव्हा मिळाली नाही. म्हणून इथे प्रश्न एक घाव दोन तुकडे असा येतो, आणि चाहत्यांचेही सरळ दोन तट पडतात.

आज वरचढ असलेले मत रेडशर्टच्या विरोधात आहे. त्याची मांडणी कच्ची नाही. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला नव्या ठिकाणी साधारणपणे एक वर्ष बसावे लागे. एप्रिल २०२१ मध्ये ही अट पहिल्या बदलासाठी उठली, २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यांसाठी ती जवळजवळ संपलीच. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले, आणि २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच्या उत्पन्नातला वाटा त्यांना थेट देऊ लागली. अशा बाजारात मुलाला वर्षभर बसवायचे, त्याच्यावर मेहनत घ्यायची, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी तो तयार झाला की ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, दुसऱ्याने त्याला उचलून न्यायचे. आपण नांगरायचे, पेरायचे, आणि मळणीला शेजारी! तेव्हा रेडशर्ट ही गेल्या जमान्यातली चैन आहे, असा हा पूर्वपक्ष.

याला रेडशर्टचे कैवारी जे उत्तर देतात ते मला पूर्वपक्षाहून दुबळे वाटते. ते म्हणतात, मुलगा राहीलच, आणि बावीस-तेविसाव्या वर्षी तो अठरा वर्षांच्या पोरांसमोर उभा राहील तेव्हा वाचवलेल्या वर्षाची किंमत कळेल. म्हणजे भांडण कितीही कडाक्याचे असले तरी दोन्ही तटांनी एक गृहीतक वाटून घेतलेले आहे: रेडशर्टचा सगळा लाभ त्या वाचलेल्या पाचव्या वर्षात आहे. एक म्हणतो ते वर्ष हाती लागेल, दुसरा म्हणतो लागणार नाही. मला हे गृहीतकच अमान्य आहे.

आपल्या न्यायशास्त्रात कारण ठरवताना ‘अन्यथासिद्ध’ गोष्टी बाजूला काढतात. कार्याच्या आसपास दिसणाऱ्या, पण ते घडवण्यात ज्यांचा हात नाही अशा. ठरीव उदाहरण कुंभाराच्या गाढवाचे. गाढव माती वाहून आणते, घडा घडतो तेव्हा ते दारात उभेही असते. पण घड्याची कारणे मोजताना माती, चाक, दांडा, कुंभार धरायचे. गाढव धरायचे नाही, कारण माती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने आली असती तरी घडा झालाच असता. रेडशर्टच्या वादात पाचवे वर्ष हे ते गाढव आहे. गंमत अशी की दोन्ही तट भांडताहेत ते गाढव कुणाच्या दावणीला बांधायचे यावर.

पुरावा पाहू. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ साली प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्याकडे चार नवे खेळाडू आले: काइल गाय, टाय जेरोम, डी’अँड्रे हंटर आणि जे हफ. एकच प्रशिक्षक, एकच वर्ष, एकच पद्धत. गाय आणि जेरोम पहिल्याच हंगामात खेळले. हंटर आणि हफ रेडशर्ट झाले. निसर्गाने मांडलेला प्रयोग म्हणावा इतके हे उदाहरण नीटस आहे. दुसऱ्या वर्षी हंटर बाकावरून येऊन खेळला आणि आपल्या साखळीतला सर्वोत्तम ‘सहावा खेळाडू’ ठरला. मार्च २०१८ मध्ये त्याचे मनगट मोडले, आणि त्याच्यावाचून खेळलेला, स्पर्धेत अव्वल मानांकन असलेला व्हर्जिनियाचा संघ यूएमबीसी या सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात असे आधी कधी घडले नव्हते. एका अनुपस्थितीवर सगळा पराभव लादणे बरोबर नाही, पण ती जाणवली हे खरे.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, मिनिआपोलिसच्या अंतिम सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध हंटरने २७ गुण केले. निर्धारित वेळ संपायला बारा-तेरा सेकंद उरले असताना बरोबरी साधणारा तीन गुणांचा शॉट त्याचाच. प्रतिस्पर्ध्यांचा मुख्य खेळाडू जॅरेट कल्व्हर त्या रात्री बावीस प्रयत्नांत पाचच शॉट साधू शकला, आणि त्याच्यासमोर बचावाला बहुतेक वेळ हंटर होता. व्हर्जिनियाने जादा वेळेत ८५-७७ असा विजय मिळवला. त्या जूनमध्ये एनबीए या व्यावसायिक साखळीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, हंटर चौथा निवडला गेला, जेरोम चोविसावा, गाय पंचावन्नावा. बसलेला मुलगा खेळलेल्या दोघांच्या पुढे निघाला.

आता मुद्द्याचा भाग. हंटर विद्यापीठात दोनच हंगाम खेळला. पाचवे वर्ष सोडा, त्याने चौथेही वापरले नाही. चाहत्यांच्या हिशेबाने हा रेडशर्ट सपशेल तोट्याचा: वर्ष वाचवले आणि मुलगा दोन हंगामांत निघून गेला. पण रेडशर्ट वाया गेला असे व्हर्जिनियातला कोणता माणूस म्हणेल?

मिकाल ब्रिजेस व्हिलानोव्हात २०१४-१५ चे वर्ष बसला, मग तीन हंगाम खेळला. त्यात २०१६ आणि २०१८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे आली, दुसऱ्या अंतिम सामन्यात त्याचे १९ गुण होते, आणि लगेच ड्राफ्टमध्ये तो दहावा निवडला गेला. चौथा हंगाम त्याने वापरलाच नाही. गोन्झागाचा केली ओलिनिक तर दोन हंगाम खेळून झाल्यावर, तिसऱ्या वर्षी बसला. परतला तो २०१३ मध्ये देशातल्या पहिल्या पाच खेळाडूंत गणला गेला, त्याचा संघ इतिहासात प्रथमच क्रमवारीत पहिला आला. उरलेला हंगाम टाकून तोही एनबीएत गेला. यातले काहीही पोर्टलच्या आजच्या सुळसुळाटात घडलेले नाही. पाचवे वर्ष तेव्हाही हाती लागत नव्हते. ते लागत नाही म्हणून आज रेडशर्ट निरर्थक ठरत असेल, तर तो तेव्हाही निरर्थक ठरायला हवा होता. तसा तो ठरला नाही, म्हणजे हे कारण त्या निष्कर्षाला बांधलेले नाही; न्यायाच्या भाषेत हेतू सव्यभिचार झाला.

पर्ड्यूचा झॅक एडी याहून बोलका. सात फूट चार इंचांचा हा कॅनडाचा मुलगा पहिल्याच वर्षी खेळला, म्हणजे त्याचा रेडशर्टशी संबंध नाही. पण ते २०२०-२१ चे, कोविडचे वर्ष होते, आणि त्या हंगामात खेळलेल्या सर्वांना एनसीएएने एक जादा हंगाम बहाल केला होता. एडीला पाचवे वर्ष फुकट मिळाले. २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर त्याने ते टाकले आणि तो एनबीएत गेला. चाहत्यांच्या हिशेबातली मेख इथे उघडी पडते: मुलगा थोर निघाला तर तो पाचव्या वर्षापर्यंत थांबत नाही, आणि काहीच निघाला नाही तर त्याचे पाचवे वर्ष कुणाला नको असते. मधला पट्टा अरुंद आहे.

अरुंद आहे, रिकामा नाही. हे मान्य केलेच पाहिजे. व्हर्जिनियाचा ममादी डियाकिते रेडशर्ट होऊन पुढे चारही हंगाम खेळला. पर्ड्यूचा ट्रे कॉफमन-रेन २०२१-२२ मध्ये, म्हणजे पोर्टलची दारे उघडल्यानंतर, बसला. तरी कुठे गेला नाही आणि २०२४-२५ मध्ये सामन्यामागे सरासरी वीस गुण करू लागला. हे दाखले खरे तर रेडशर्टच्या कैवाऱ्यांना आयते आहेत. मी ते माझ्या बाजूला ओढत नाही. माझे म्हणणे एवढेच की अशी अखेर झाली तर ती वरकड मिळकत समजावी. तिच्या भरवशावर अठरा वर्षांच्या मुलाला बसवू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तुम्ही यशस्वी झालेले तेवढे मोजता, बसून विसरले गेलेले मोजत नाही. बरोबर. म्हणून बसल्याने मुलगा मोठा होतो असा सिद्धान्त मी या नावांवरून काढलेला नाही. नियम मोडायला एक अपवाद पुरतो. नियम उभारायला हजार दाखलेही कमी पडतात. मला इथे मोडायचे आहे ते पाचव्या वर्षाचे गृहीतक, आणि त्याला हंटर एकटाही पुरला असता.

मग घडा घडतो कशाने? पहिल्या वर्षाने. भरलेल्या संघात नवख्याला सामन्यामागे चार मिनिटे मिळाली असे धरा. तीस सामन्यांत १२० मिनिटे झाली, म्हणजे चाळीस मिनिटांचे तीन सामने. तेवढ्यासाठी चारातला एक हंगाम गेला, आणि वर नावापुढे दीड गुणांची सरासरी कायमची छापली गेली. याच्या जोडीला सराव ठेवून पाहा. हंगामात नियमाने आठवड्याला वीस तास सराव घेता येतो. बसलेला मुलगा रोज पहिल्या पाचांविरुद्ध उभा असतो, पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य खेळाडूचे सोंग बहुधा त्यालाच वठवावे लागते. उद्या सामना आहे म्हणून पाय जपायची त्याला गरज नसते, त्यामुळे व्यायामशाळेत तो जड वजने उचलू शकतो. बेनेट यांचा ‘पॅक लाइन’ बचाव, जो त्यांचे वडील डिक बेनेट यांनी घडवला, हा पाच जणांनी एकमेकांच्या हालचाली वाचत खेळायचा प्रकार आहे; बाकावरून उठून चार मिनिटांत तो अंगी मुरत नाही.

आणि थांबणे ही काही अलीकडची क्लृप्ती नव्हे. १९७२ पूर्वी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात सर्वसाधारणपणे खेळूच देत नसत. नोव्हेंबर १९६५ मध्ये यूसीएलएच्या नवागतांनी आपल्याच मुख्य संघाला, म्हणजे आधीची लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या संघाला, ७५-६० असे हरवले. त्यात ३१ गुण करणारा ल्यू अल्सिंडर पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. त्याला थांबायची गरज होती असे कोण म्हणेल? सक्ती वाईटच होती. पण त्या मुलांना नवागतांचे सामने तरी होते. आजच्या रेडशर्टला तेही नाहीत. सरावात कितीही घाम गाळला तरी दहा हजार लोकांसमोर फ्री थ्रो टाकणे वेगळे. रेडशर्टची ही उणीव मला खरी वाटते, आणि नवल म्हणजे विरोधक ती क्वचितच मांडतात.

ते मांडतात ते दुसरेच: ‘चांगला असेल तर खेळेलच.’ हे वाक्य कधी खोटे ठरूच शकत नाही, म्हणून निरुपयोगी आहे. विस्कॉन्सिनचा फ्रँक कॅमिन्स्की पहिल्या हंगामात सरासरी दोनहून कमी गुण करत होता आणि २०१५ मध्ये देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पहिल्या वर्षी तो ‘चांगला’ होता की नव्हता? उलट बाजूने, उंच मुलाला बसवलेच पाहिजे हा कैवाऱ्यांचा ठोकताळा एडीने खोटा पाडला. मार्च २०१९ मध्ये पर्ड्यूविरुद्ध शेवटच्या क्षणी व्हर्जिनियाला तारणारा शॉट डियाकितेचा होता, बसून घडलेल्या मुलाचा. पण त्याच्या हाती चेंडू लांबून अचूक पोचवणारा किहेई क्लार्क पहिल्या वर्षाचा, जेमतेम पावणेसहा फुटांचा पोरगा होता. त्याला बेनेट यांनी बसवले नव्हते. जाता जाता: हाच क्लार्क कोविडच्या सवलतीमुळे पुढे पाच हंगाम खेळला. न बसता पाचवे वर्ष!

उरला पोर्टलचा मुद्दा. हा हेतू अतिव्याप्त आहे. मुलगा जाऊ शकतो हे बसलेल्याइतकेच खेळलेल्यालाही लागू पडते. किंबहुना पंचवीस मिनिटे खेळून बारा गुण करणाऱ्याला गिऱ्हाईक आधी येते. जाण्याची भीती बाळगायची तर कोणत्याच नवख्याला शिकवू नये, सगळे तयार खेळाडू विकत घ्यावेत. काही विद्यापीठे तसे करतातही. ती निदान सुसंगत आहेत.

पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत, अशा सूचनेची चर्चा २०२५ मध्ये बरीच झाली. तसा नियम आला की ‘वर्ष वाचवणे’ हा शब्दप्रयोगच निकालात निघेल, आणि तरीही नवख्याला पहिल्या वर्षी खेळवावे की घडवावे हा प्रश्न प्रशिक्षकाच्या टेबलावर तसाच राहील.

माझा निर्णय असा: ज्या मुलाला यंदा खरोखरीची मिनिटे आहेत त्याला खेळवा, मग तो पावणेसहा फुटांचा असो की सात फुटांचा. ज्याच्या वाट्याला १२० मिनिटांचा खुर्दा आहे, आणि ज्याच्यासाठी वर्षभराचा आखीव कार्यक्रम आहे, त्याने स्वतः होकार दिला तर बसावे. असा कार्यक्रम नसेल तर रेडशर्ट म्हणजे नुसते बसणे, आणि तिथे विरोधकांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. चाहत्यांनी प्रशिक्षकाला जाब विचारायचा तर एवढाच विचारावा: या मुलाला यंदा रोज कोण शिकवणार, आणि काय?