रोखीचा रुपया आणि वाण्याची वही

श्रोतेहो, ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला, कोपरीतल्या वाण्याच्या दुकानी आज कुणी कार्ड पुढं करतो, कुणी मोबाईल. पैसा हाताला लागत नाही, नि सुटलेलाही कळत नाही. मग महिना सरत आला की घरात विचारणा होते, पैसे गेले कुठं? हा प्रश्न काही कार्डाबरोबर आलेला नाही. ह्याच रेल्वेमार्गावर पुढं मुंबईला, परळ-लालबागच्या गिरणगावात तो शंभर वर्षांपूर्वीही होता.

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार खात्याने शहरातल्या २,४७३ कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. शेकडा ४७ कुटुंबे कर्जात निघाली. कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या मिळकतीइतके! आता तुम्ही म्हणाल, माणसं उधळी असतील. लग्नकार्याचा खर्च होताच. पण मुळाशी दुसरी एक गोष्ट होती. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तोही महिना उलटल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हाती पडे. कोकणातून वा घाटावरून आलेल्या नव्या माणसाने पहिल्या पगारापर्यंत दीड महिना खायचं काय? तो वाण्याकडे वही काढी. तांदूळ, तेल, मीठ, सगळं वहीवर. उधारीच्या गिऱ्हाइकाला घासाघीस कशी करता येणार? वाणी सांगेल तो भाव. रोकड लागली तर सावकार, रुपयाला महिना एक आणा व्याजाने. गुरुजी, हे गणित मुलांना फळ्यावर घालून पाहा. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. वर्षाला बारा आणे, म्हणजे शेकडा ७५. ऐकायला मात्र नुसता एक आणा!

वाण्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला. अशा दिवसांत पुष्कळ घरांची चूल पेटती राहिली ती त्याच वहीच्या आधाराने.

पुढं १९३६ साली पगाराचा कायदा झाला. हजाराहून कमी कामगार असतील तिथं सात दिवसांच्या आत, मोठ्या कारखान्यात दहा दिवसांच्या आत पगार द्यायचा. आणि तो चलनी नाण्यांत वा नोटांतच. रोख हाती आली म्हणजे घरच्या बाईला भाड्याचे, धान्याचे, गावी मनिऑर्डरीचे असे वेगळे ढीग घालता येत. ढीग संपला की खरेदी थांबली. हिशेब लिहिता न येणाऱ्या घरातही हा हिशेब चाले, बरं का.

क्रेडिट कार्ड म्हणजे पुन्हा ती वहीच. मुदतीत सारी रक्कम फेडली तर व्याज नाही. पण थकलेल्या बाकीवर कित्येक बँका महिन्याला शेकडा तीन-साडेतीन घेतात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. इथंही महिन्याचाच आकडा सांगतात, पाहा! मोबाईलने दिलेले पैसे आपल्याच खात्यातले असले तरी समोर ढीग नसतो, त्यामुळे तो कमी होतानाही दिसत नाही.

२०१७ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन, कामगाराची लेखी संमती नसतानाही पगार चेकने किंवा बँकखात्यात देण्याची मोकळीक मालकांना मिळाली. त्यामुळे आता ढीग घालायचे तर पगाराच्या दिवशी आधी बँकेत जाऊन पैसे काढून आणावे लागतात.