इस्लामचे शालेय अध्यापन (इंग्लंड)
इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे झाले. पाल्याला त्यातून वगळण्याची मुभा पालकांना होती. प्रत्यक्षात ते बहुधा बायबलचेच पाठ असत. पाकिस्तान, भारत, पूर्व आफ्रिका येथून आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात बसू लागल्यावर ही चौकट अपुरी पडली. बर्मिंगहॅम शहराच्या १९७५ च्या धर्मशिक्षण अभ्यासक्रमात इस्लामसह अन्य धर्म आले. वाद मात्र पेटला तो साम्यवादासारख्या धर्मेतर विचारसरणीच्या समावेशावरून! बहुसांस्कृतिक शिक्षण केवळ अल्पसंख्याकांसाठी नसून सर्वच मुलांसाठी हवे, असे सरकारने नेमलेल्या स्वान समितीने (१९८५) मांडले. १९८८ च्या शिक्षण कायद्याने ख्रिस्ती परंपरेचे प्राधान्य राखून इतर प्रमुख धर्मांची दखल बंधनकारक केली. वर्गात नमाज, रोजा, हज यांची माहिती दिली जाते, दीक्षा नव्हे. मात्र इस्लामच्या पाच स्तंभांच्या (मूलभूत कर्तव्यांच्या) यादीवरच थांबणाऱ्या धड्यांतून सुन्नी-शिया भेद किंवा सूफी परंपरा निसटतात, हा आक्षेप रास्त आहे.