थाई लिंबाची वंशावळ

टॉम यम सूप प्या, नाहीतर सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर खा. जिभेला आधी कळतात मिरची आणि लिंबू. दोन्ही अस्सल थाई, असं आपण धरूनच चालतो. पण जरा खोदलं की गंमत दिसते.

मिरची मूळची अमेरिकेतली. (पपईसुद्धा!) पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि अयुथ्थयाच्या राजाकडे दूत पाठवला. मिरची तिकडे पोचली ती पोर्तुगीज व्यापाराच्या काळात. पुरावा भाषेतच आहे. थाई भाषेत मिरची म्हणजे 'फ्रिक', आणि काळी मिरी म्हणजे 'फ्रिक थाई'. पाहुणीने नाव बळकावलं, आणि जुन्या मिरीला आपण 'थाई' असल्याचं सांगत फिरावं लागतंय!

मग लिंबू तरी? थाई 'मनाओ' म्हणजे आपलं कागदी लिंबूच. ते आशियातलं खरं, पण संकरित. २०१६ च्या एका जनुकीय अभ्यासानुसार आई 'मायक्रांथा' नावाचं फिलिपिन्सकडचं रानटी फळ, आणि बाप म्हाळुंग. हो, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच.

म्हणजे जिन्नसांत अस्सलपणा शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. तो आहे रीतीत. टॉम यम आचेवरून उतरवल्यावरच त्यात लिंबू पिळतात, कारण उकळलं की वास उडतो. मग चव घेऊन आंबट, तिखट, खारट यांचा तोल साधायचा. जिन्नस कुठूनही येवोत, तो तोल मात्र थाईच.

आपणही पोह्यांवर लिंबू वरूनच पिळतो, नाही का?