एका दिवसाचा परवाना

आमच्या लहानपणी घरात काही फुटलं की अब्बा ऍरल्डाइटच्या दोन नळ्या काढत. पत्र्याच्या तुकड्यावर दोन्हींतलं सारखंसारखं पिळायचं, काडीनं घोटायचं आणि घट्ट व्हायच्या आत लावून मोकळं व्हायचं. एकेकटी राहिली तर वर्षानुवर्षं मऊ राहणारी ही दोन द्रव्यं, भेटली की दगड होतात. त्याचं नाव इपॉक्सी रेझिन. पिएर कास्तां या स्विस रसायनतज्ज्ञानं १९३०च्या दशकात ते शोधलं तेव्हा डोळ्यांपुढे कवळ्या होत्या. पुढे सीबा कंपनीनं १९४६मध्ये ते ऍरल्डाइट म्हणून बाजारात आणलं.

आज माझी भाची त्याच जातीच्या रेझिनमध्ये चमकी आणि रंगाची पूड मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओतते. दुसऱ्या दिवशी तिच्या आवडत्या कार्टूनमधली पोरगी किल्ल्यांच्या साखळीला लटकते. हा उद्योग नव्या पिढीचा, असं आपल्याला वाटतं. पण आवडत्या पात्राला स्वतःच्या हातानं रेझिनमध्ये घडवण्याची एक मोठी परंपरा जपानात, ओसाका परिसरात, चाळीसेक वर्षांपूर्वी उभी राहिली. तिला 'गॅरेज किट' म्हणतात.

कारण साधं होतं. कारखान्यातलं प्लास्टिकचं मॉडेल पोलादी साच्यात तयार होतं, आणि तो साचा फार महाग. हजारोंनी खप होणार असेल तरच परवडतो. म्हणून लढाऊ विमानं, गाजलेले यंत्रमानव निघायचे. एखाद्या चित्रपटातला दुय्यम राक्षस किंवा दोन प्रसंगांपुरती आलेली नायिका कोण काढणार? मग चाहत्यांनीच हात घातला.

रीत अशी. आधी माती किंवा पुटीतून मूळ मूर्ती कोरायची. ती तेलमातीत अर्धी बुडवून वर सिलिकॉन रबर ओतायचं. ते घट्ट झालं की उलटं करून माती काढायची, न चिकटण्याचं द्रव्य फासून दुसरी बाजू ओतायची. झाला दोन पाकळ्यांचा साचा. त्यात जायचं पॉलियुरेथेन रेझिन. हे रसायन १९३७ साली ऑटो बायर यांनी जर्मनीत शोधलेलं. इथेही दोन द्रव्यं, आणि घाईची जात मिळाली तर हाती मिनिटं फक्त दोन-चार. तेवढ्यात ओतायचं, नाकाच्या शेंड्यावर बुडबुडा अडकू द्यायचा नाही. वाफा छातीला वाईट. मास्क आणि हातमोजे हवेतच, हे भाचीलाही बजावतो. पाच-पंचवीस प्रती निघाल्या की साचा फाटू लागतो. म्हणजे प्रत्येक मूर्तीला जन्मतःच मर्यादा. मला ते आवडतं. कवितासंग्रहांच्या आवृत्त्या काही याहून फार मोठ्या नसतात!

१९६४मध्ये ओसाकाजवळच्या मोरिगुचीत ओसामु मियावाकी यांनी काइयोदो नावाचं खेळण्यांचं छोटंसं दुकान काढलं होतं. तिथे जमणाऱ्या पोरांतून पुढे मोठे शिल्पकार निघाले. दुसरीकडे, १९८१च्या विज्ञानकथा संमेलनाचं काम केलेल्या हौशी विद्यार्थ्यांनी १९८२मध्ये 'जनरल प्रॉडक्ट्स' हे दुकान थाटलं. याच मंडळींतून पुढे गायनॅक्स हा ऍनिमेशनचा स्टुडिओ निघाला. तो २०२४ साली दिवाळखोरीत बंद पडला. पण त्यांनी १९८०च्या दशकाच्या मध्याला सुरू केलेला 'वंडर फेस्टिव्हल' आजही भरतो. १९९२पासून तो काइयोदोकडे आला. २००८मध्ये तोक्योतल्या सभागृहात सरकत्या जिन्याला अपघात झाला, आणि पुढच्या वर्षी उत्सव चिबातल्या माकुहारीला गेला.

खरा पेच मात्र रसायनाचा नव्हता. पात्र कोणाचं? गॉडझिला तोहो कंपनीचा. त्याची मूर्ती करून विकणं कायद्याच्या भाषेत चोरी. आमच्याकडे तरही मुशायऱ्यात एकाची ओळ देतात आणि दहा जण तिच्यावर गझल बांधतात, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. पण ओळीमागे कारखाना नसतो, गॉडझिलामागे असतो. पात्रांच्या मालकांनी सरळ बंदी घातली असती तर ही कला गॅरेजमध्येच गुदमरली असती. मोकाट सोडलं असतं तर कोणीही मूळ कलावंताच्या जिवावर दुकान मांडलं असतं.

जपानी लोकांनी काढलेली वाट मला कोणत्याही कायदेपंडिताच्या निवाड्याहून शहाणी वाटते. तिला 'त्या दिवसाचा हक्क' म्हणतात. चाहत्यानं कित्येक महिने आधी अर्ज करायचा, मूर्तीची छायाचित्रं दाखवायची, मालकानं पसंत केली तर ठरलेला मोबदला भरायचा. मग त्या एका दिवशी, त्या एका सभागृहात, ठरलेल्या प्रती विकायची मुभा. दुसऱ्या दिवशी तीच मूर्ती विकली तर गुन्हा. मालकाला सगळं पसंत पडतंच असं नाही. महिनोन् महिने कोरलेली मूर्ती एका नकारानं घरीच राहते. हे दुःख ज्याचं हस्तलिखित परत आलंय त्याला वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी पाच वाजता उत्सव मिटतो. ज्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या नाहीत, तो त्या पुन्हा बांधतो, गाडीत भरतो. पुढच्या खेपेला त्याच मूर्ती मांडायच्या तर अर्ज पुन्हा नव्यानं.