गणिताच्या प्राध्यापकाचे अर्थशास्त्र

विद्यापीठात मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा एखादा विषय घ्यावा लागतो. तो बहुधा परीक्षेपुरता अभ्यासला जातो आणि परीक्षेबरोबरच विसरला जातो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. तेथे अर्थशास्त्र दीर्घकाळ इतिहासाच्या आश्रयाने नांदले. त्याचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९२१ साली. परंतु ज्या पुरुषांनी या शास्त्राला आपल्या राजकारणात मानाचे स्थान मिळवून दिले, त्यांचे कार्य तोवर होऊन गेले होते. दादाभाई नौरोजी हे एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते आणि गोपाळ कृष्ण गोखलेही प्रथम गणिताचेच शिक्षक!

गोखले १८८४ साली बी. ए. झाले. त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक रचले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. पण त्यांची खरी परीक्षा घेतली ती न्यायमूर्ती रानड्यांनी. सरकारी अहवाल आणि जमाखर्चाचे तक्ते समोर ठेवून ते या तरुणाकडून टिपणे लिहवून घेत. एक आकडा चुकला तरी ते खपत नसे. ‘सार्वजनिक सभे’च्या त्रैमासिकाचे काम करताना हा जोडविषय गोखल्यांच्या अंगी मुरला. १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना ही तयारी कामी आली.

२६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलावयास ते उभे राहिले. सरकारी तिजोरीत शिल्लक होती आणि ती प्रजेच्या सुबत्तेची खूण मानली जात होती. गोखल्यांनी हिशेब उलगडून दाखविला. १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्या आणि रुपयाचा भाव चढून सोळा पेन्सांवर स्थिरावला. त्यामुळे विलायतेत पौंडांत भरावयाच्या रकमेसाठी सरकारला कमी रुपये लागू लागले. मात्र रुपया घसरत असताना वाढविलेले कर तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक म्हणजे सुबत्ता नव्हे. दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेले ते धन होते. मिठावरील कर कमी करा, असा त्यांचा आग्रह होता. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन रुपयांवर आणि १९०७ साली एक रुपयावर आला.

या परंपरेचा एक धागा थेट कावेरीकाठी जातो. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् येथे आज विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर उभे आहे. तंजावरच्या मराठी राज्यामुळे हा मुलूख आपणांस परका नाही. त्याच कुंभकोणमच्या महाविद्यालयात शिकलेले श्रीनिवास शास्त्री हे शाळामास्तर १९०७ साली पुण्याच्या ‘भारत सेवक समाजा’त दाखल झाले. तेथे नव्या सभासदास पाच वर्षे उमेदवारी करावी लागे, आणि देशाच्या प्रश्नांचा अभ्यास हा तिचा मोठा भाग असे. १९१५ साली गोखले निवर्तल्यावर समाजाची धुरा याच शास्त्रींकडे आली.

पदवीपत्रावर अर्थशास्त्राचा शिक्का नसतानाही या मंडळींनी ते शास्त्र आत्मसात केले, कारण भुकेल्या माणसाच्या वतीने सरकारशी बोलावयाचे तर आकडे बिनचूक असावे लागतात. जोडविषय घेणाऱ्या विद्यार्थ्याने तो निवडताना एवढे ध्यानी ठेवावे.