घाटाचा राजा आणि शिंगरोबाचं वळण

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट जो सगळ्यांत आधी चढतो, तो ‘घाटाचा राजा’. त्याचं नाव पेपरात येतं. एका वर्षी मी याच घाटात स्वयंसेवक होतो. लाल झेंडा, शिट्टी आणि शिंगरोबाच्या देवळाजवळचं वळण. बस्स.

हा रस्ता मुळात सायकलींचा नाहीच. गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० मध्ये तो चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. मग १८६३ मध्ये रेल्वे आली. तिची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं, तर त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्री पुरावा मागू नका! पण आजही ड्रायव्हर तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत.

त्या दिवशी ते नाणंच माझ्या कामी आलं. खालून सायकलवाले येत होते, आणि एक ट्रक माझ्या झेंड्याला अजिबात भीक न घालता वर निघाला. पोटात गोळाच आला. पण देवळासमोर तो आपोआप थांबला. मी धावत गेलो, “दादा, पाच मिनिटं.” ड्रायव्हरनं हात जोडले, नाणं टाकलं आणि इंजिन बंद केलं.

पहिला सायकलवाला वळणावरून गेला. तो राजा झाला की नाही, मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. मागे अजून बरेच यायचे होते.